भरतभाऊंच्या नावाची डबी

डिंडोली, मंगळवार, संध्याकाळी साडेसात

राग नक्की कुणाचा येतोय, ते आधी लिहू.

वरच्या खोलीतले भरतभाऊ महिनाभर खोकतायत, संध्याकाळी तापही येतो. लूमवर उडणारी कापसाची रुई छातीत बसली म्हणून रोज गूळ खातात. त्यांची बायको, संगीतावहिनी, जिन्यात दर वेळी विचारतात, "ताई, रुईचाच खोकला ना?" मी दर वेळी सांगते, तपासल्याशिवाय कळणार नाही. शेवटी मीच, काम करते त्या लॅबमधून, कफ तपासायची डबी आणून दिली, वर त्यांचं नाव लिहिलं.

आज रिपोर्ट दिला. टीबीचे जंतू नाहीत. वहिनी खुशीत म्हणाल्या, "सकाळी यांना पाळीवर जायची घाई, म्हनून भाऊजींनी थुंकी दिली. दोन्ही सख्खा भाऊ शेतस, रक्त एकच ना?"

मी ओरडले. "वहिनी, खोकतं कोण?" त्यांच्या कडेवरची लेक परी दचकून रडायला लागली. ती बापाच्याच कुशीत झोपते.

पण नमुना पातळ होता. अगदी पाण्यासारखा. लॅबमध्ये डबी उघडताच मला दिसलं होतं, हा छातीतला कफ नाही, तोंडातली थुंकी आहे. असा नमुना परत पाठवायचा, हा नियम मला पाठ आहे. मग का नाही पाठवला? जिन्यातला तो प्रश्न एकदाचा संपावा म्हणून?

वहिनींना माहीत नव्हतं. मला होतं.

रिपोर्ट परत मागितला, तर म्हणाल्या, "चांगला आलाय, देवाजवळ ठेवलाय."

उद्या सकाळी सहाला नवी डबी घेऊन त्यांच्या दारात उभी राहणार. माझ्यासमोर खोकल्याशिवाय भरतभाऊंना जिना उतरू देणार नाही.