फेस बसेपर्यंत

प्रिय क्लिफर्ड,

स्पेनच्या उन्हात तू छान खरपूस झाला असशील. इकडे यॉर्कशायरमध्ये तू बिल्डरला विकलेल्या बाबांच्या पबचे फ्लॅट झालेत. बारच्या जागी सायकली उभ्या असतात. त्या निदान भांडत तरी नाहीत.

बाबांची पद्धत आठवते? संध्याकाळी सहाला एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांचे ग्लास ते आधीच भरून ठेवायचे. बिअरचा फेस बसला तरी माणूस आला नाही, की कुणीतरी त्याच्या घरी धावायचं. एडगर बाथरूममध्ये पडला, तेव्हा तूच दार ठोठावलंस.

"एडगरकाका, मेलात की काय?"

"कंबर मोडलीय, गाढवा!"

"मग तुमची बिअर मी पितो."

"हात तर लावून बघ!"

गेल्या महिन्यात एडगर पुन्हा पडला. दारात दुधाच्या बाटल्या साठत गेल्या आणि आम्ही सभ्य शेजारी त्यांना वळसा घालून जात राहिलो. शेवटी दूधवाल्यानेच पोलिसांना बोलावलं. पडल्यावर तो बराच वेळ जिवंत होता म्हणे.

हे पत्र मी पोस्टात टाकणार नाही. 'सॉरी, नोरीन' एवढं लिहून तू मोकळा होशील, आणि तेवढ्या स्वस्तात मला तुला सोडायचं नाही.

हॅरल्ड गेला, मी विधवा झाले, तेव्हापासून मीही एकटीच आहे. रोज सहाला ग्लास भरते, फेस बसेपर्यंत दाराकडे बघते आणि मग स्वतःच पिते. काल मुद्दाम प्यायले नाही. फेस बसला, बिअर कोमट झाली, बाहेर अंधार पडला. दार कुणीही ठोठावलं नाही.

अजून तरी असलेली,
तुझी बहीण नोरीन