निळ्या झाकणाच्या जगातला एक घोट

ताई,

फ्रिजमध्ये निळ्या झाकणाचा जग आहे. व्होडका, ग्रेपफ्रूटचा रस आणि साखरेचा पाक. ड्यूटीवरून आलीस की आधी पोटात काहीतरी ढकल, मग त्यातला एकच घोट घे.

काल बारमध्ये टकल्या मास्तरांनी मी बनवलेला हाच रोजचा ग्लास परत पाठवला, नऊ वर्षांत पहिल्यांदा. "अरे, कडूजहर झालंय," म्हणाले. मी चाखलं, तर मला छान लागलं. हसण्यावारी नेलं.

आज माप न घेता, नुसत्या जिभेच्या भरवशावर पुन्हा बनवलंय. मला अगदी बरोबर लागतंय, म्हणूनच धडकी भरलीय. आईच्या विसरण्याचीही सुरुवात जिभेपासूनच झाली होती. तिने भाजीत दोनदा मीठ घातलं आणि आपण दोघं खिदळत बसलो होतो.

तू चाखताना तुझं तोंड बघायची माझी छाती नाही. समोरच्या बागेत बाकावर बसलोय. चव जमली असेल तर बाल्कनीत लाल टॉवेल टाक. नसेल, तर खाली ये.

आणि माझं मन राखायला टॉवेल टाकू नकोस. तू खोटं वागलीस की मला कळतं. तेवढं अजून कळतं.