पार्टिशनपलीकडचा वर्ग

सोमवार, २० जानेवारी

पुन्हा टकटक! दोनदा. मी 'वाक्याचं पहिलं अक्षर मोठं' हे सांगत होते आणि पार्टिशनवर पलीकडून टकटक झाली. म्हणजे, बाई, हळू बोला. हजार माणसांच्या सभेत माईकशिवाय बोललेली बाई मी! एक बोटभर जाडीचं प्लायवुड मला गप्प करणार?

दुसरीच्या दोन तुकड्या. 'अ' माझी, 'ब' पलीकडच्या बाईची. पुढच्या वर्षी एकच तुकडी राहणार, म्हणजे एकच बाई. मार्चमध्ये इंग्रजीची परीक्षा आहे, मोठी अक्षरं कुठे आणि कशी. ज्या वर्गाचा निकाल वर, ती बाई आत. मोठ्या बाईंनी स्वच्छ सांगितलंय.

आणि ही शेजारीण! डिसेंबरपर्यंत निदान 'नमस्कार बाई' तरी म्हणायची. आता तोंडात गुळणी धरल्यासारखी बसते. विचारलं तर नुसती मान हलवते. माझ्या हाताखाली शिकण्याचं वय, आणि माज बघा.

बुधवार, २२ जानेवारी

चोर सापडला!

काल आमच्या बोक्याने मला चावा घेतला. त्याचं नाव बॅरिस्टर. आज वर्गात त्याचंच वाक्य केलं: 'ऑन ट्यूज्डे बॅरिस्टर बिट मी.' वाक्याची सुरुवात मोठी, वाराचं नाव मोठं, बोक्याचंही मोठं, कारण नाव ते नाव, माणसाचं असो की मांजराचं. मुलं खदाखदा हसली. एकाने विचारलं, "बाई, मराठीत मोठं अक्षर का नाही?" मी म्हटलं, बाळा, आपली सगळी अक्षरं एकाच रेषेखाली उभी राहतात, तिथे कोणी थोरलं नाही! इंग्रजीत 'मी' मोठा आणि 'तू' धाकटा. असल्या भाषेपासून सावध राहायचं, पण ती शिकायची नीट.

मधल्या सुट्टीत 'ब'च्या वह्या टेबलावर होत्या. वरची उघडली. बॅरिस्टर! माझा बोका तिच्या वहीत!

गुरुवार, २३ जानेवारी

आजही दोन टकटक. मी तेच सगळं पुन्हा सांगितलं, दुप्पट आवाजात. मुद्दाम!

गुरुवार, ३० जानेवारी

युक्ती केली. महिन्यांच्या नावांचा धडा कुजबुजत घेतला. माझी मुलं डोकी जवळ आणून ऐकत होती, त्यांना गंमत वाटली. पलीकडे आधी चुळबूळ, मग बाक सरकल्याचे आवाज, मग टकटक – चार, पाच, सहा! मी तोंडाला पदर लावून हसले. चोराला आता घाम फुटलाय.

सोमवार, ३ फेब्रुवारी

यांना सांगितलं. हे पेपरातून मान वर न करता म्हणाले, "तुझा आवाज तीन गल्ल्या पलीकडे जातो. त्यात चोरण्यासारखं काय आहे? फुकटच वाटतेस की."

मी म्हटलं, विचारांची चोरी ही सगळ्यात नीच चोरी!

"बरं. मग चहा कर, तोही चोरून पितो."

या घरात गांभीर्य नाही.

सोमवार, १० फेब्रुवारी

पार्टिशनच्या फटीतून पाहिलं. तेवढा वेळ माझ्या वर्गातल्या एका मुलीला सगळ्यांपुढे कविता म्हणायला उभं केलं होतं. पलीकडे 'ब'ची निम्मी मुलं पार्टिशनला खेटून बसलेली. आणि शेजारीण खडू हातात घेऊन वाट पाहत उभी! मी परत येऊन दोन वाक्यं सांगितली, तर खडूचा आवाज लगेच सुरू. पुरावा मिळाला. एवढ्यात मात्र कोणाला सांगणार नाही. आधी निकाल लागू दे.

शुक्रवार, ७ मार्च

परीक्षा झाली. माझी मुलं खूश.

सोमवार, १७ मार्च

'ब' दोन गुणांनी पुढे.

मंगळवार, १८ मार्च

शिक्षकांच्या बैठकीत उभी राहिले. बोलले. वीस मिनिटं बोलले, आणि फार वर्षांनी तसं बोलले. कष्ट कोणाचे, फळ कोणाला! तिच्या वर्गातली वही सगळ्यांना दाखवली. बॅरिस्टरवर लोक हसले, मग एकदम गंभीर झाले. मी म्हटलं, "यांनी एक धडा स्वतः शिकवला असेल, तर आत्ता सांगावं!"

ती उभी राहिली. तोंड उघडलं, मिटलं. पर्समधून कागद काढला, घाईघाईत काही लिहिलं आणि तो माझ्यापुढे धरला.

"लेखी नको," मी म्हटलं, "तोंडाने बोला!"

टाळ्या पडल्या. तिने कागदाची घडी केली आणि खाली बसली. शिपाई मावशी तेवढ्या दारात उभ्या होत्या. बाहेर पडताना म्हणाल्या, "बाई, अहो, जरा जास्तच झालं."

सत्य नेहमीच जास्त वाटतं.

गुरुवार, २० मार्च

तिने राजीनामा दिला. जागा माझी.

सोमवार, २४ मार्च

'ब'ची मुलं आजपासून माझ्या वर्गात. वाटलं, बुजतील. एक मुलगी सरळ येऊन माझा हात धरून उभी राहिली.

"ओळखतेस मला?"

"तुम्ही आमच्याच बाई. फक्त दिसत नव्हतात."

"आणि तुमच्या बाई?"

"त्यांचा आवाज गेलाय ना! बोलल्या की नुसती हवा येते. तुम्ही सांगायचात, त्या फळ्यावर लिहायच्या. कोणाला सांगायचं नाही, नाहीतर बाईंना काढून टाकतील, असं त्यांनी फळ्यावर लिहिलं होतं. मग पुसलं. आणि खाली लिहिलं, शेजारच्या बाई खूप चांगल्या आहेत, टकटक केली की परत सांगतात."

वर्ग तसाच सोडून मोठ्या बाईंकडे धावले. राजीनामा शनिवारीच वरच्या ऑफिसात गेला, आता मागे येत नाही, म्हणाल्या.