दहा लाख नऊ

१२ ऑगस्ट

चि. ठोंब्यास,
अ. आ.

बापूंची तब्येत जशीच्या तशी. वाचा गेली ती गेलीच, उजवं अंगही हलत नाही. डावा हात तेवढा पाटीवर चालतो. "पाणी", "कूस", बस. जन्मभर गणित शिकवलेला माणूस!

तू जाताना पैज लावून गेलास, की ताई, दहा लाख नऊ ही संख्या फोड, दोन लहान संख्यांचा गुणाकार म्हणून मांडून दाखव. फोडलीस की चष्म्यांचं दुकान सोडून मी बापूंपाशी येतो, तू खुशाल नोकरीला जा. हजारापर्यंतच्या एकशे अडुसष्ट मूळ संख्यांनी भागून झालं. बापूंना भरवलं की दोन, कूस बदलली की एक. दर वेळी बाकी उरतेच मेली. नकाशांच्या कचेरीतले साहेब माझी जागा एक ऑक्टोबरपर्यंतच राखणार आहेत. चार वर्षं खिडकीतून समोरची तीच भिंत बघतेय. जीव गुदमरतो रे.

भांडखोर असलास तरी माझाच आहेस. जेवत जा वेळेवर.

तुझी ताई

२१ ऑगस्ट

ति. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझ्या चिकाटीला दंडवत! आता रागावू नकोस. ती संख्या मी बापूंच्या जुन्या वहीतून उचलली होती. तिच्याखाली त्यांनीच लाल शाईने "मूळ" असं लिहिलंय. एक आणि ती स्वतः सोडून तिला कोणी भागूच शकत नाही. फुटणार नाही हे ठाऊक होतं, म्हणून तर पैज लावली.

खरं सांगू? मला परत यायचं नाही. त्या खोलीत तासभर बसलो तरी भिंती अंगावर येतात. इथे दिवसभर भिंगं घासतो, पण संध्याकाळी मोकळा असतो. तू निभावतेस, मला नाही जमणार.

हव्या तेवढ्या शिव्या घाल, माया मात्र आटू देऊ नकोस.

तुझा ठोंब्या

२४ सप्टेंबर

चि. ठोंब्यास,
आशीर्वाद शेवटी देते, आधी ऐक.

तुझं पत्र मी बापूंना वाचून दाखवलं. वाचताना रडले, लपवत नाही. त्यांनी पाटी मागितली. मग महिनाभर तेच, आकडे लिहायचे आणि मनगटाने पुसायचे. मला वाटलं, भ्रमलेत. काल पाटी माझ्याकडे ढकलली. वर १००० आणि ३, खाली ९७२ आणि २३५. मी वर्ग करून बेरजा केल्या. दोन्हींची दहा लाख नऊ! आठवतं ना, लहानपणी तेच शिकवायचे, दोन वर्गांची बेरीज दोन तऱ्हांनी जमली तर ती संख्या मूळ नाही.

पुन्हा भागायला बसले. २९३ला माझा हातचा चुकला होता. २९३ गुणिले ३४१३, करून बघ. बापूंनी वही मागवून आपल्या लाल "मूळ"वर स्वतः काट मारली.

पैज मी जिंकले, तेव्हा शब्द पाळ, एकोणतीसला ये. तीसला सकाळच्या गाडीने मी निघतेय. कूस दर दोन तासांनी बदलायची, पाणी चमच्यानेच द्यायचं. येताना नवी पाटी आण. ही मी नेतेय. मागच्या बाजूला त्यांनी माझ्यासाठी "जा" लिहिलंय, ते माझ्याने पुसवत नाही.

अनेक आशीर्वाद.

तुझी ताई