हवा मानवली का?

शनिवार, १५ डिसेंबर १९७९

काल लिहिलं की पाऊस आला आणि मी गच्चीवरचे कपडे काढून आणले. ते चूक आहे. पाऊस आला नव्हता. आभाळ भरून आलं ते धुळीनं. मी ढग बघितला, धावले, कपडे काढले, खाली आले आणि सवयीनं ‘पाऊस’ लिहून टाकलं. बाबा म्हणायचे, डोळ्यांनी बघितलं तेवढंच लिहावं. म्हणून ही दुरुस्ती. बहरीनला आल्यापासून मी एक थेंबही पाहिलेला नाही.

बाबांनी मला चौथीपर्यंत घरीच शिकवलं. वेंगुर्ल्याच्या पावसात मला दमा उठायचा आणि शाळा होती ओढ्यापलीकडे.

कपडे मात्र वाचले. घरमालकीण जमीला हिचे सगळे मळले. आता ती मला हवामान जाणणारी बाई समजते. खुलासा करायला हवा, पण तेवढं अरबी येत नाही.

गुरुवार, २० डिसेंबर

रत्नाबाई आल्या. इथल्या आपल्या बायकांत सर्वांत जुन्या. डॉक्टर नाडी बघतो तशा त्या नव्या बाईची हवा बघतात. “तुका हवा मानवली काय गो?”

हा साधा प्रश्न नाही. जिला मानवत नाही ती गावी जाते. मागल्या वर्षी एकीला मानवली नाही, कारण दिराचं लग्न होतं. दुसरीला मानवली नाही, कारण सासूला लावणीला माणूस हवं होतं. हवेला कुणी काही विचारत नाही.

मी खरं ते सांगितलं. ओठ फुटतात, एकदा नाकातून रक्त आलं, बाकी बरी आहे. ‘बाकी’च्या आधीच त्यांनी मान हलवली होती. “अजून खरी थंडी पडाक नाय. मगे बघ.” अंगात स्वेटर, वर शाल, कानाला मफलर. बाहेर ऊन असं की डोळे उघडवेनात. इथली थंडी जणू त्यांनीच भारतातून आणली, असं बोलतात.

दमा उठलेला नाही हे सांगायचं राहून गेलं. मुद्दाम नाही. त्यांनी बोलू दिलं नाही.

शुक्रवार, २८ डिसेंबर

ऊन फुकट जातंय. हे मला बघवत नाही.

आमच्याकडे वैशाखात चार दिवस कडक ऊन मिळालं की आई घर उलटं करायची. पापड, सांडगे, मिरच्या, आमसुलं. पुढचे चार महिने आभाळ काही देणार नाही, म्हणून बेगमी. इथे डिसेंबरात रोज स्वच्छ ऊन, वर गार वारा, आणि आमच्या नईम मोहल्ल्यातल्या एकाही गच्चीवर पापड नाही! मी उडीद आणवले. आज तीन चादरी भरून वाळत घातलेत.

हे तुबलीच्या गॅरेजातलं काम आटपून आले, बघून म्हणाले, “बेगमी कसली? हय पाऊस खंय आसा?” नंतर हे बराच वेळ खिडकीतून आभाळ बघत बसले.

बाथरूमचा नळ गळतो. ह्यांना सांगितलं. “बघतंय.”

सोमवार, ३१ डिसेंबर

लोकांच्या मोटारी दुरुस्त करतात. नळ अजून गळतो.

रविवार, ६ जानेवारी १९८०

गच्ची आता दोघींची झाली. जमीला अख्खी लिंबं काळी होईपर्यंत वाळवते, पलीकडे मासळी. मी तिला सांडगे दाखवले, तळायचे कसे ते हातवारे करून सांगितलं. तिनं एक कच्चाच खाल्ला आणि दुसरा मागितला.

एवढ्यात रत्नाबाई धापा टाकत वर आल्या. “ह्या काय मांडलंस गो? दोन माणसांक इतके पापड?” मग मिरच्या, मग उन्हात टाकलेल्या उशा, मग माझा चेहरा, सगळं क्रमानं पाहिलं आणि खाली गेल्या. मी उशी घेऊन मागोमाग उतरत होते. जिन्यात ऐकू आलं.

“हवा डोक्यात गेली हिच्या. गावाक धाड रे तिका. उशीर करू नको.”

“होय. मी पण तोच विचार करतंय,” हे म्हणाले.

बुधवार, ९ जानेवारी

वरच्या मजल्यावरच्या व्हेरॉनिकाला छाती दाखवली. ती वसईची, इस्पितळात नर्स. नळी लावून म्हणाली, “एकदम क्लिअर आहे तुझी छाती. कोण बोलतो क्लायमेट सूट नाही?”

ह्यांना सांगितलं, इथे आल्यापासून दमा एकदाही उठला नाही. म्हणाले, “तुका कळणा नाय. हयची धूळ हळूहळू लागता.”

लग्नानंतरचे दोन पावसाळे मी सासरी भिंतीला टेकून, बसून झोपले. निखाऱ्यावर टोपली पालथी घालून त्यावर कपडे सुकवायचे, तो धूर वेगळा. सासूबाई म्हणायच्या, सवय होईल. तिकडची हवा मानवली का, हे मला आजवर कुणी विचारलेलं नाही.

सोमवार, १४ जानेवारी

संक्रांत. थंडी पडली म्हणे. रत्नाबाईंनी दुसरा स्वेटर चढवला. उडीद संपले.

शुक्रवार, १८ जानेवारी

जेवून हे आडवे झाले. मी नळ घट्ट बंद करून गच्चीवर गेले. परत येते तर टपटप चालूच, पण आवाज वेगळा. बाथरूममध्ये हे उभे. दूध पावडरचा डबा पालथा घालून नळाखाली ठेवत होते. थेंब पत्र्यावर पडत होते.

मला बघून दचकले. मग म्हणाले, “पागोळ्यांसारखो आवाज येता. नायतर झोप लागणा नाय.”

नळ चांगला आहे. आधीच्या नोंदी दुरुस्त समजाव्यात.

मंगळवार, २२ जानेवारी

व्हेरॉनिका जिन्यात भेटली. तिचा नवरा अँब्रोज ह्यांच्याच गॅरेजात ऑफिसला आहे. “तुझ्या मिस्टरांनी नोकरी सोडतो म्हणून सांगितलं ना? वाइफला इथलं क्लायमेट सूट होत नाही बोलले. मॅनेजर म्हणाला, शनिवारपर्यंत विचार कर. तुला माहीत नव्हतं?”

मी म्हटलं, कपडे वाळत घालायचेत.

मला वाटत होतं, मला एकटीला धाडणार. हे स्वतःच निघालेत, माझ्या छातीवर बसून. करमत नाही म्हणून आखातातून परत आलेला पुरुष आमच्या गावात एकही नाही. बायकोला हवा मानवली नाही म्हणून आलेले पुष्कळ.

राग आला. मग डबा आठवला. राग गेला नाही, पण बसायला जागा कमी पडली त्याला. ह्यांनी जूनमध्ये रजा काढावी, महिनाभर भिजून यावं. त्या महिन्यात मी इथे श्वास घेईन.

बुधवार, २३ जानेवारी

नळ आज मीच सैल केला, खाली डबा ठेवला.

उद्या, गुरुवार, २४ जानेवारी, रथसप्तमी. सकाळी गच्चीवर सूर्यासमोर दूध उतू घालीन. संध्याकाळी रत्नाबाईंकडे हळदीकुंकू. सगळ्या जणी असतील. वाण देताना त्या विचारतीलच. तेव्हा सांगणार: मला मानवली. ह्यांना मानवली नाही.