अध्यक्षांच्या अंगणातला डोंगर

दाजू, ताशी देलेक!

खुंबिला देवाच्या कृपेने काठमांडूचा उकाडा आणि तुमचं पोट, दोन्ही ताळ्यावर असतील. इकडे तुमची बहीण फुती ठणठणीत, याक ठणठणीत, बटाटे बरे. उरलो मी. मला गावाने कचरा समितीचा अध्यक्ष केलंय.

कसं झालं म्हणाल, तर आपल्या रीतीमुळे झालं. पाहुण्यापुढे छांग धरली की त्याने दोनदा ‘नको, नको’ म्हणायचं आणि तिसऱ्यांदा मुकाट प्यायची. सभेत मी मनापासून नको म्हणालो. मंडळी कौतुकाने हसली. पुन्हा नको म्हणालो. ‘किती हा विनय!’ म्हणाले. तिसऱ्यांदा तोंड उघडेपर्यंत गळ्यात मानाचा पांढरा रेशमी खाता पडला होता. (तो मी अजून धुतलेला नाही. कुणाला वेळ आहे?)

नियम असा की शिखरावर जाणाऱ्या प्रत्येकाने स्वतःचा कचरा पोत्यात भरून खाली आणायचा. परवा एक गोरा साहेब एवढं मोठं पोतं घेऊन आला की माझे डोळेच भरून आले. त्याला खाता घातला, फोटो काढला. पोतं उघडतो तर काय, आपल्याच लॉजमागचे ट्यूना माशांचे रिकामे डबे! फुतीने विकले होते. मी ओरडलो, तर मलाच म्हणते, ‘चाळीस वर्षं टाकून देतोय, गिऱ्हाईक आलं तर नको म्हणू?’

बरं, आलेला कचरा जाळावा, तर माणसं वर असेपर्यंत धूर करायचा नाही, शिखरावरची देवी रागावते. म्हणून सगळा डोंगर माझ्या अंगणात. याक पुठ्ठे खातात आणि माझ्याकडे बघत राहतात. शेजारचा लोप्सांग तर रोज कुंपणावरून विचारतो, ‘काय अध्यक्ष, हल्ली पाहुणे वासावरच घर शोधत येतात म्हणे?’ ऐकून ऐकून कान किटले हो, दाजू. थकलो.

आणि हे खालचं झालं. सगळ्यात वरच्या तळावर लोकांनी तंबूच्या तंबू सोडलेत, बर्फात गोठलेले. ते खणून आणायला पोरं पाठवायची असं समितीने ठरवलं. कोण जाणार, असं मीच विचारलं. पहिला हात आमच्या तेन्जीचा. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

असो. वहिनींना नमस्कार.

तुमचा,
ग्याल्झेन

ता. क. गुडघ्याचा मलम पाठवा. मागच्या वेळचा फुतीने याकला लावला. याक बरा आहे.

आणखी एक ता. क. अध्यक्षपदासाठी मी तुमचं नाव सुचवलंय. कृपा करून नको म्हणू नका, भलताच अर्थ होतो.

शेवटचं. हे पत्र लोप्सांगच्या हाती देतोय, कारण फोनला रेंज फक्त चुलीपाशी, आणि तिथे फुती असते. तिला काळजी नको. पौर्णिमा झाली की तेन्जी निघेल. यंदा ऊन फार आहे, वाटेतला बर्फ सैल झालाय. मला भीती वाटते, दाजू. बाकीच्यांची पोरं पाठवून स्वतःचं घरी ठेवलं, असं गाव म्हणेल. म्हणू दे. मी त्याला ‘जाऊ नकोस’ म्हणालो, तर दोर तपासत बसला. पुन्हा म्हणालो, तर हसून म्हणाला, ‘बा, अध्यक्ष तुम्हीच ना?’ मामाचा शब्द तो मोडत नाही. त्याला फोन करा. माझं दोनदा म्हणून झालंय, तिसऱ्यांदा तुम्ही म्हणा.