पहिली पोळी

वासणा, बडोदे
१२ सप्टेंबर

चि. मंदास अनेक आशीर्वाद, वि. वि.

प्रतापनगरच्या रेल्वे क्वार्टरमधली सकाळ आठवते का? शाळेला निघताना आई पहिली पोळी आपल्या हातात द्यायची, गायीसाठी. मी तिच्या तोंडाशी धरायचे. तू लांबूनच कुंपणावरून फेकायचीस. एकदा ती माझ्याच पाठीवर पडली आणि तुपाच्या डागासाठी शाळेतल्या सिस्टरनी मला फळ्याजवळ उभं केलं.

फोनवर तू रडतेस, मला बोलू देत नाहीस, म्हणून लिहिते. मंगळवारी नेहमीची तांबडी गाय दारात पोळी खात असतानाच पालिकेचे ढोरं पकडणारे आले. गळ्यात दोर पडला तशी ती उधळली. हे फाटकाची कडी लावायला गेले होते. तिनं यांना फाटकावर चेपलं, मांडीत शिंग घुसवलं, उचलून आपटलं आणि पुन्हा शिंगावर घेतलं. भाजीवाली जशीबेन आपली लारी, म्हणजे हातगाडी, मध्ये घालून गायीच्या तोंडावर तागडी हाणत राहिली. लारीचा चुराडा झाला, तिचं मनगट मोडलं. शेजारच्या कोमलनं ओढणीनं यांची मांडी करकचून आवळली, तरी रक्त थांबेना.

मग गल्लीतले पुरुष सळया घेऊन धावले. बांधलेल्या गायीला इतकं मारलं की एक शिंग मुळापासून तुटलं. आणि हे रक्तात पडल्या पडल्या गायीसाठी ओरडत होते, बस करो, मरी जशे!

जीव वाचला आहे. दिवाळीआधी आणखी एक ऑपरेशन आहे. काळजी कर, पण बेताची.

तुझी,
स्नेहलताताई


पुणे
१८ सप्टेंबर

ती. ताईस सा. न. वि. वि.

पत्र वाचून घास गिळवेना. खड्डे, गायी, पुरात अंगणात येणारी मगर, आणि तरी हे गाव तुला सोडवत नाही! आमच्या मजल्यावरचा फ्लॅट रिकामा होतोय. मालक दिवाळीपर्यंत थांबतील. लिफ्ट आहे, खाली वॉचमन आहे, ढोर आत येत नाही. भावोजींना सांग, सेव-उसळ मी इथं करून घालीन, पण दुसरा पाय कुठून आणू?

आणि रोज पोळी ठेवून त्या गायीला दारात बोलावलं कुणी, ताई? रागावले आहे, तरी ऑपरेशनला येते. तू दवाखान्यात राहा, घर मी बघीन.

माझ्यावरचा लोभ या वेळी उत्तरात दिसू दे.

तुझी,
मंदा


वासणा, बडोदे
८ ऑक्टोबर

चि. मंदास अनेक आशीर्वाद, वि. वि.

पोळीचं लिहिलंस ते बोचलं, कारण खरं आहे. उत्तराला उशीर झाला, कारण मनातून मी फ्लॅटला हो म्हटलं होतं.

काल हे काठी घेऊन पहिल्यांदा बाहेर पडले. सूरसागर तलावाच्या काठावर बसलो. पाण्यात दिवे उतरले होते, पाण्याला नेहमीचा वास होता. रिक्षाकडे वळतो तोच दोन बैल झुंजत आले, शिंगांत शिंगं अडकलेली, एक उभी स्कूटर तुडवत. यांनी माझं मनगट इतकं आवळलं की बांगडी फुटून रुतली. रिक्षावाल्यानं यांची काठी पाहिली. सीटखालचा पाना काढून तो आमच्यापुढे उभा राहिला आणि म्हणाला, काका, निरांते बेसो, निवांत बसा. बैल त्याचा आरसा फोडून पुढे गेले.

मला वाटलं, आता हेच पुण्याचं नाव काढतील. यांनी रिक्षा सेव-उसळीच्या दुकानाकडे घ्यायला सांगितली. तिघांनी खाल्ली. माझ्या हाताला रक्त, डोळ्यांत तिखटाचं पाणी, आणि मंदा, मला इतकं बरं वाटत होतं!

तुझ्या लिफ्टमध्ये माझ्यापुढे कोण उभं राहील मला ठाऊक नाही. इथलं ठाऊक आहे. फ्लॅट दुसऱ्या कुणाला जाऊ दे. रागाव, पण लोभ कमी करू नकोस. त्याच्यावर माझा हक्क मोठी म्हणून आहे.

तुझी,
स्नेहलताताई

ता. क. मी दवाखान्यात असताना पोळ्या तुझ्याकडे. दुसरी जशीबेनला, तूप लावून. तिचा हात अजून गळ्यात आहे. मऊ दोन यांच्या डब्यात. रिक्षावाला डबा न्यायला येईल, त्यालाही दोन. करपलेली तुला. पहिली मात्र दारात ठेवायची नाही. कोमल ती स्कूटरवरून पांजरापोळीत नेते, जखमी-भाकड गुरं ठेवतात तिथं. आपली तांबडी, आता एका शिंगाची, तिथंच आहे, पहिली पोळी तिची. एकदा कोमलच्या मागे बसून तू जा. आणि या वेळी फेकू नकोस. हातानं दे.